वाळूतलं खंड

५ ऑक्टोबर २००९, सोमवार

नवा मास्तर आला. तोही इतिहास-भूगोलाला! म्हणजे माझ्याच विषयाला. मी मेले की काय?

हेडमास्तर सांगारे म्हणाले, "कुंबाबाई, तुमचा भार हलका होईल." माझा भार किती ते मी ठरवीन ना. एकवीस वर्षं एकटीने ओढला, तेव्हा कुणाला दया आली नाही.

नाव बुरेमा गिंदो. गिंदो म्हणजे डोगोन, कड्यावर कांदे पिकवणारे — मग मी कशाला सोडते! अख्ख्या शाळेसमोर हाक मारली, "अरे ए कांदेखाऊ! कड्यावरून उतरलास ते पाय धुऊन आलास का? आणि मालकिणीला नमस्कार कोण करणार, तुझा बोकड?" पोरं खो खो हसली. हसायचीच. आम्हा नदीवरच्या मासेमार बोझोंचं आणि डोगोनांचं पिढीजात थट्टेचं नातं. त्यांचं उपाशी पोर आमच्या पूर्वजाने स्वतःच्या मांडीचं मांस भाजून जगवलं, तेव्हापासूनचं. एकमेकांना गुलाम म्हणावं, वाट्टेल ते बोलावं, राग धरू नये. फक्त वाईट करायचं नाही. एवढी एकच अट.

तो क्षणभर नुसता उभा राहिला. डोंगरातली माणसं, डोकं सावकाश चालतं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "ऐकलंत का मुलांनो? माझी मासळीखाऊ दासी बोलायला शिकली!" त्यालाच जास्त टाळ्या पडल्या. पहिल्याच दिवशी!

८ ऑक्टोबर

आठवी त्याला, नववी मला. नववी माझीच. परीक्षेचा वर्ग आहे तो, एकोणीस वर्षं मी काढलाय. पुढच्या वर्षीचं मात्र हेडमास्तर जूनमध्ये ठरवणार म्हणे. आजवर कधी "ठरवावं" लागलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

आठवीला भिंतीवरचा नकाशा दाखवायला न्यायचं सोडून हा पोरांना पटांगणात घेऊन बसला. वाळूत अख्खं आफ्रिका खंड काढलं! वीस पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. नायजर नदीसाठी निळी चिंधी पसरली. सहारात राख. जंगलात कोला नट मांडले. मिठाच्या खाणीपाशी मिठाची खरीखुरी लादी, बाजारातून उसनी आणलेली.

सीमा एकही नाही. आमच्या नववीतल्या आसीतानने विचारलं (माझा तास चालू असताना खिडकीतून!), "सर, देशांच्या रेघा कुठेत?" तर म्हणतो, "वारा घेऊन गेला." पोरं त्यावरही हसली. काय विनोद आहे का त्यात?

माझा नकाशा भिंतीवर आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी माझ्या हातांनी रंगवला, शिडीवर चढून, पोटात मूल असताना. इरिट्रिया वेगळा झाला तेव्हा रेघ वाढवली. झाईरचं काँगो झालं तेव्हा नाव खरवडून नवं घातलं. दर पावसाळ्यानंतर रंगाचा हात देते. त्याची वाळू एक शेळी पळाली तरी जाईल!

२० ऑक्टोबर

शेळी पळाली नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज त्याच्या वर्गाने म्हणे बांटू लोकांचं स्थलांतर चालून दाखवलं. पोरांनी कुदळी खांद्यावर घेतल्या आणि वाळूतल्या कॅमेरूनपासून निघाली. दोन पावलं चालायचं, थांबायचं, पेरायचं, म्हातारं व्हायचं, मरायचं. मग पुढच्या पोराने दोन पावलं. दक्षिणेच्या टोकाला पोचेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा झाली. तीन हजार वर्षं! मरताना प्रत्येक पोर असं काही धाडकन पडत होतं की अख्खी शाळा खिडक्यांत.

माझ्या नववीला मी तोच धडा मागच्या आठवड्यात लिहून दिला. तीन पानं. एकही चूक नाही. कुणी खिडकीत आलं नाही.

जेनेबा मिंता शिवण शिकवते, मला बहिणीसारखी, तीही बोझोच. तिला शिक्षकांच्या खोलीत आपल्या भाषेत म्हटलं, "या माकडाने शाळेची जत्रा केली." तो तिथेच चहा ओतत होता. त्याला काय कळतंय! ग्लास माझ्यापुढे ठेवून गोड हसला. मोठ्याने त्याला बाजारच्या भाषेत म्हटलं, "ओत रे गुलामा, नीट ओत, फेस आण." फेस आणला. चांगला आणला.

३० नोव्हेंबर

बकरी ईदचं मटण घेऊन दारात हजर. मी एकटीच होते. "ताई, वाटा आणलाय." ताई! चारचौघांत दासी आणि एकटं गाठून ताई. टोमणा मारायची ही नवीन तऱ्हा. मी म्हटलं, "हाडंच आणली असशील." नव्हती. मांडीचा चांगला तुकडा होता.

१८ जानेवारी २०१०

सगळ्या शाळेची सहल, बानी जिथे नायजरला मिळते तिथवर, दोन मोठ्या होड्यांतून. नदी म्हणजे माझं माहेर, आज तरी माझा दिवस असं वाटलं होतं. पोरांना सांगायला दहा गोष्टी घोकून गेले होते — मासे कुठे अंडी घालतात, पाणी कधी चढतं, नदीच्या मालकांना आधी काय वाहायचं.

पाणी उतरलंय, त्यामुळे होडी चिखलात रुतली. नावाडी शिव्या देतोय, पोरी किंचाळतायत, आणि हा उठून उभा! लांब बांबू घेतला, दोन ठिकाणी टेकवून पाहिला, तिसऱ्या ठिकाणी दाबला. होडी सुटली. उभाच राहिला पुढे काठापर्यंत, पाय न हलवता. आम्ही डोगोनांना चिडवतो ते काय म्हणून? की यांना पाण्याची बादली बघूनही चक्कर येते! मोठ्याने म्हटलं, "कांदेखाऊ, बुडलास तर मासे पण तोंड लावणार नाहीत!" तो म्हणाला, "दासीबाई, वास तुमच्याकडून येतोय."

जेनेबा हळूच म्हणाली, "हात बरा चालतो की याचा." म्हटलं, "नक्कल आहे नुसती. नावाड्याचं बघून केलं."

माझ्या दहा गोष्टी तशाच राहिल्या.

४ फेब्रुवारी, गुरुवार

आसीतानने आज भर वर्गात विचारलं, "बाई, तुमच्या नकाशात चाड सरोवर एवढं मोठं कसं? गिंदोसरांनी वाळूत मूठभरच काढलंय."

माझी हुशार पोरगी. माझी लाडकी. मी म्हटलं, "सरांची वाळू संपली असेल." वर्ग हसला. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं तिने.

५ फेब्रुवारी

जुन्या पुस्तकातून रंगवलं होतं मी. सरोवर आटलंय, हे मला माहीत का नव्हतं? माहीत होतं. रेडिओवर ऐकलं होतं. पण भिंतीवर हात फिरवताना डोळ्यांना सवय झाली. दर वर्षी तोच निळा, त्याच काठापर्यंत. भूगोलाची बाई मी!

७ फेब्रुवारी, रविवार

शाळेला सुट्टी. पहारेकरी लासिनाकडून किल्ली घेतली, शिडी लावली. निळ्यावर पिवळा फासला आणि मधोमध छोटंसं सरोवर काढलं. लासिना म्हणाला, "रविवारी कसलं रंगकाम?" म्हटलं, "पापडी निघाली होती." खोटं बोलले. रंग पातळ, खालचा निळा दिसतोच आहे. हे सगळं त्याच्यामुळे.

मला त्याचा हेवा वाटतो. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. पटांगणातून पोरांच्या हसण्याचा आवाज आला की माझा खडू तुटतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, अजून मिशी धड नाही, आणि पोरं त्याच्यामागे गोंडा घोळत. माझ्या तासाला पोरं झोपत नाहीत, दंगा करत नाहीत, उत्तरं देतात, पास होतात. पण तास संपल्यावर कुणी मागे राहत नाही. त्याच्याकडे राहतात. आता विचार करते तर माझ्याकडे कधीच राहत नव्हती. तो येईपर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं, आणि त्याचाच राग जास्त येतो.

९ मार्च

गरम होतंय. चिडचिड होते.

आज जेनेबाशी आपल्या भाषेत बोलताना जरा जास्तच बोलले. तो खिडकीशी मडक्यातलं पाणी पीत होता. त्याने हेडमास्तरांच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती, तेवढंच निमित्त. म्हटलं, "बापाने काही शिकवलं नाही वाटतं. बाप असेल तर ना! कुठल्या तरी खड्ड्यात पडला असेल पिऊन." जेनेबा म्हणाली, "अगं, पुरे."

त्याने तांब्या ठेवला, पिशवी उचलली आणि गेला. चहासाठी थांबला नाही. डोकं दुखत असेल.

१२ एप्रिल

तपासणी! बुधवारी इन्स्पेक्टरसाहेब येणार. आठवीचा तास बघणार आणि त्यावरून पुढच्या वर्षीची नववी कुणाला द्यायची ते सांगणार. हेडमास्तरांनी स्वतः सांगितलं. पहारेकरी लासिना लोहारांपैकी, हेडमास्तर गुरं राखणाऱ्या फुलानींपैकी, त्यामुळे त्यांचंही थट्टेचं नातं. लासिना दारातून ओरडला, "साहेब येणार म्हणून घाबरलास होय रे गाईराख्या? जा, गाई वळ!" हेडमास्तर हसता हसता खोकले. मला हसू आलं नाही.

आसीतान आणि चार पोरी (माझ्या वर्गातल्या!) शाळा सुटल्यावर त्याला वाळूतलं खंड नव्याने काढायला मदत करत होत्या. वाळू चाळून आणलीय नदीवरून. या वेळी उंट पण आहेत, बाभळीच्या शेंगांचे.

१४ एप्रिल, बुधवार

सकाळी सातलाच गेले. पटांगणात कुणी नव्हतं. रात्रभर वाळूवर घोंगड्या टाकून ठेवल्या होत्या त्याने, त्या लासिनाने नुकत्याच काढल्या होत्या. सगळं खंड उघडं पडलेलं. कोवळ्या उन्हात सावल्या पडल्या होत्या, ॲटलासचे डोंगर, किलिमांजारो, रिफ्टची दरी. नाईलला फाटे. आणि आपल्या इथे, जिथे दोन नद्या मिळतात, तिथे एक छोटी होडी ठेवलेली. सुंदर होतं. खोटं कशाला लिहू?

लासिना झाडू घेऊन उभा. मी एवढंच म्हटलं, "साहेब येतायत, पटांगण स्वच्छ झाडून घे."

तो म्हणाला, "हे पण?"

मी म्हटलं, "पटांगण म्हटलं ना मी."

आणि आत जाऊन हजेरी लिहीत बसले. झाडूचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मी उठले नाही.

१५ एप्रिल

काल पुढचं लिहायचा धीर झाला नाही.

साडेसातला तो आला. उघडी जमीन बघितली, झाडूचे फराटे बघितले. लासिना मान खाली घालून. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता! पण तो मोठ्याने म्हणाला, "वा! दासीने घर झाडलं वाटतं!" सगळे हसले. आसीतान सोडून सगळे. तिला रडू फुटलं. मी पण हसले. काय करणार?

आणि मग त्याने आठवीला नेलं कुठे? माझ्या भिंतीपाशी. इन्स्पेक्टरसाहेबांना म्हणाला, "हा नकाशा कुंबाबाईंचा. मी रोज यावरूनच शिकतो, मग पोरांना शिकवतो." इरिट्रियाची रेघ दाखवली, "ही रेघ नंतरची आहे, रंग बघा. देश जन्मला त्या वर्षीची." काँगोपाशी खरवडलेल्या जागेवर पोरांना बोट फिरवायला लावलं, "खाली काय लागतंय? जुनं नाव." आणि मग चाड सरोवर. तो म्हणाला, "आणि इथे बाईंनी दोन्ही काठ ठेवलेत, त्यांच्या लहानपणचा आणि आजचा. निळा पुसला नाही, पातळ केला. भूगोल आणि इतिहास एकाच भिंतीवर, साहेब!"

इन्स्पेक्टरसाहेब भिंतीजवळ आले, चष्मा काढून सरोवर बघितलं. मला म्हणाले, "बाई, चाळीस शाळा फिरलो, असा नकाशा पाहिला नाही."

तो माझ्याकडे बघत पण नव्हता. पोरांना रांगेत लावत होता. त्याला कसं माहीत मी तो निळा पुसायला गेले होते? त्याला माहीतच होतं! आणि माझी चूक त्याने मलाच मोठेपणा म्हणून आणून दिली, साहेबांसमोर. यापेक्षा त्याने ओरडायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती. मोठेपणासुद्धा मी त्याच्याकडून घ्यायचा?

६ मे, गुरुवार

थट्टेच्या नात्यातल्या माणसाचं वाईट केलं की अंगावर येतं म्हणतात. मी असलं काही मानत नाही.

आज दुपारी भाताबरोबर मासा होता आणि माझ्या घशात काटा अडकला. बोझो बाईच्या घशात माशाचा काटा! लाजेने मरायची वेळ. डोळ्यांत पाणी, जेनेबा पाठीत बुक्के घालतेय. त्याने तिला थांबवलं. भाताचा गोळा केला, लहान, घट्ट, तळहातावर दोनदा वळून. "चावू नका, ताई. मान डावीकडे. गिळा." गेला काटा.

मग सगळ्यांकडे वळून, "लिहून ठेवा! मासळीखाऊंना मासा कसा खायचा ते कांदेखाऊने शिकवलं!" शिक्षकांची खोली दणाणली. मी म्हटलं, "तुझा हात कांद्याने घाण आहे, त्या वासानेच काटा पळाला." अजून हशा. गोळा मात्र माझी आई करायची तसाच होता. डोंगरातल्या माणसाला काट्याचं काय माहीत? पुस्तकात वाचलं असेल. सगळंच येतं त्याला.

११ जून, शुक्रवार

नववी मला!! हेडमास्तरांनी कागद दाखवला. साहेबांचा शेरा आहे: "सौ. कुंबा काराबेंता यांचा अनुभव."

मी जिंकले. घरी येताना रतिबाच्या बाईकडून दही घेतलं, साखर घालून खाल्लं. गोड लागलं. अर्धं खाल्लं.

१४ जून

हेडमास्तर म्हणाले, गिंदोने स्वतःहून बदली मागितलीय. देबो सरोवराकाठच्या गावाला, जिथे कुणी जायला तयार नसतं. साहेबांना त्यानेच सांगितलं म्हणे की नववी बाईंचीच असावी.

मी कुठे सांगितलं होतं त्याला सांगायला!

२८ जून

आज गेला. बंदरावर सगळी शाळा. पोरी रडतायत, पोरं त्याची ट्रंक होडीत चढवायला भांडतायत. मी त्याला सुक्या कांद्याच्या गोळ्यांची माळ नेली होती, गळ्यात घातली. "घे रे गुलामा, वाटेत उपाशी मरू नकोस. तिकडे सरोवराकाठी मासळीच मासळी, तुझे हाल होणार!" सगळे हसले. त्याने माळेला नाक लावलं आणि खूप हसला. डोळे पुसले हसता हसता.

होडीत चढताना मी जवळ होते, बाकी मागे. हळू म्हणाला, "येतो, ताई. भिंतीला पावसानंतर हात द्या."

मी "हो" म्हणाले.

पटांगणातून घरी आले. सरळ वाट ती नाही. तरी तिथून आले.

१९ जुलै

आज त्याची आई दारात आली. बाजाराला आली होती, टोपलीभर धुरावलेली मासळी घेऊन. "माझ्या बुरेमाच्या ताईला," म्हणाली. आपल्या भाषेत! मी म्हटलं, "मावशी, तुम्ही डोगोन असून बोझो इतकी छान कशी बोलता?"

ती हसत सुटली. "डोगोन? अगं, आम्ही काराबेंताच! बुरेमा चार वर्षांचा असताना त्याच्या बापाला नदीने नेलं. आमच्या घरी उतरायचा एक गिंदो, थट्टेतला दोस्त. त्याने पोराला डोंगरात शाळेत घातलं आणि कागदावर स्वतःचं नाव दिलं; सुट्टीत मात्र पोर आमच्याकडेच, होडीवर."

म्हणजे माझ्याच कुळातला. बापाला नदीने नेलं. आणि मी खिडकीशी उभ्या असलेल्या त्याच्यासमोर, आपल्या भाषेत —

विचारलं, "मग त्याने मला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हाक मारलीस ना गं. नाही म्हटलं असतं तर तुझी मान खाली गेली असती. आणि पुढे म्हणायचा, आई, आता सांगितलं तर ताई बोलली ती सगळी थट्टा राहणार नाही, ते सगळं खरं होईल."

ताई. एकटे असलो की तो मला ताईच म्हणायचा. मला वाटायचं, टोमणा मारतोय.